‘बदलून बघू’ हे निदान नव्हे

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. शिरोली एमआयडीसीतून सुटून मिरजेकडे निघालो होतो. निघताना पंपावर टाकी फुल्ल केली. हातकणंगल्याच्या अलीकडे पुढे उसाची डबल ट्रॉली लागली. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर, कांडी दोन्ही बाजूंनी बाहेर आलेली. समोरचा रस्ता मोकळा बघून मी ओव्हरटेकला काढली. ट्रॉलीच्या मध्यावर आलो आणि गाडीने ओढ सोडली.

बंद पडली नाही. बंद पडली असती तर बरं, असं तेव्हा वाटलं. अॅक्सिलरेटर तसाच पिळलेला, पण गाडी मागून कुणी धरल्यासारखी ढिली झाली. दोन सेकंदांनी झटक्यात परत उचलली, परत ढिली. समोरून एसटी डिपर मारत येत होती. मी ब्रेक दाबून ट्रॉलीच्या मागे परत घुसलो. एसटी गेली. मी कडेला गाडी लावली आणि हात थरथरायचे थांबेपर्यंत बसून राहिलो.

गाडी बाबांची. २००४ची, दीडशे सीसीची, कार्ब्युरेटरवाली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता. पंधरा वर्षं झाल्यावर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, ते आम्ही २०१९ला केलं आणि २०२४लाही. म्हणजे ही गाडी हौसेची नाही, रोजच्या वापराची आहे. मिरज ते शिरोली आणि परत, आठवड्यातून सहा दिवस. ती गेली तर नवीन गाडीचा हप्ता सुरू होणार, आणि त्या हप्त्याची जागा आमच्या घरात नाही.

हे झटके ऑगस्टपासून चालले होते. तोपर्यंत मी काय काय केलं होतं, त्याचा हिशोब असा: प्लग १५० रुपये, एअर फिल्टर २५०, कार्ब्युरेटरची सफाई ४००, इग्निशन कॉइल ६५०, ‘पेट्रोल शुद्ध करणारी’ बाटली ३००, आणि शेवटी नवा कार्ब्युरेटर २,८५०. एकूण ४,६००. प्रत्येक वेळी वाक्य एकच: “हे बदलून बघू.” आणि सगळं बदलून झाल्यावर शेवटचं वाक्य: “एकवीस वर्षं झाली की भावा. काढून टाक.”

हा लेख त्या दोन वाक्यांच्या विरोधात आहे.

सगळ्यांना उत्तर माहीत होतं

ऑगस्ट २०२५ आठवून बघा. प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर इथेनॉल होतं. पेट्रोलमधलं इथेनॉलचं प्रमाण २० टक्क्यांवर नेण्याचं उद्दिष्ट आधी २०३०चं होतं, ते सरकारने २०२५वर आणलं आणि गाठलंही. जुन्या गाड्यांची वाट लागणार, टाक्या गंजणार, रबर विरघळणार, असे व्हिडिओ रोज येत होते. १ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका फेटाळली, तेव्हा आमच्या ग्रुपवर शिव्यांचा पाऊस पडला. त्यात एक शिवी माझीही होती.

कारण माझ्याकडे पुरावा होता ना! टाकी भरली की गाडी जास्त झटके मारायची. पंपावरून निघालो की आठ-दहा किलोमीटरांत सुरू. यापेक्षा स्पष्ट काय हवं? पेट्रोलच खराब. गॅरेजवाला म्हणाला, पेट्रोल. ऑफिसातले म्हणाले, पेट्रोल. शेजारचे म्हणाले, पेट्रोल. ज्या ट्रॉलीखाली मी जाता जाता वाचलो, तिच्यातल्या उसाचंच पुढे इथेनॉल होणार, यावरही मी ऑफिसात दोनदा विनोद करून झाला होता.

आणि मी कोण? मी फाउंड्रीत क्वालिटीत काम करतो. कास्टिंगमध्ये ब्लोहोल आला तर “साचा बदलून बघू” असं कुणी म्हटलं, तर मीच त्याला उभा-आडवा घेतो. कुठल्या शिफ्टमध्ये आला? कुठल्या हीटमध्ये? वाळूचा ओलावा किती होता? त्याआधी काय बदललं? आठ तास हे करून मी गेटबाहेर यायचो आणि स्वतःच्या गाडीबद्दल मात्र ग्रुपवरचं उत्तर खिशात घालून घरी जायचो.

वीस मिनिटं गाडीला हात नाही

आमच्या गल्लीत एक काका आहेत. रेल्वेतून निवृत्त, आयुष्य डिझेल इंजिनांत गेलेलं. बाबांनी त्यांना गाडी बघायला बोलावलं. ते आले, कट्ट्यावर बसले, चहा घेतला. वीस मिनिटं गाडीला हात लावला नाही. नुसतं विचारत राहिले.

“गावात मारती का झटके?”

“नाही.”

“किती स्पीडला?”

“पासष्ट-सत्तरच्या पुढे.”

“लगेच, का जरा गेल्यावर?”

“जरा गेल्यावर.”

“दिवा इझवल्यागत पटकन जाती, का हळूहळू दम सोडती?”

“दम सोडते. मग परत धरते.”

“थांबून चहा प्यालास की?”

“एकदम ठीक होते. परत दहा-पंधरा किलोमीटर काही नाही.”

“आणि हे सुरू व्हायच्या आधी तू गाडीला काय केलंवतंस?”

“काहीच नाही.”

“काहीच न्हाई असं नसतंय. आठव.” मग म्हणाले, “एक आठवडा लिहून ठेव. कुठं झटका दिला, किती वाजता, किती स्पीड.”

या प्रश्नांत काय दडलंय ते सांगतो, कारण तुमच्याकडेही जुनी गाडी असेल तर हे कामाला येईल. वीज गेली की गाडी खटका दाबल्यासारखी एकदम मरते. पेट्रोल कमी पडलं की ती दम सोडत जाते. गावात २५च्या वेगाने इंजिनला मिनिटाला आठ-नऊ मिलिलिटर पेट्रोल पुरतं. सत्तरच्या वेगाने सतत चालवलं की सुमारे २५ मिलिलिटर लागतं, जवळपास तिप्पट. कार्ब्युरेटरच्या खालच्या वाटीत थोडं पेट्रोल साठलेलं असतं. वरून येणारी धार खर्चापेक्षा बारीक झाली की ती वाटी उतरते, गाडी ढिली पडते. इंजिनची मागणी कमी झाली की वाटी जरा भरते, गाडी उचलते, आणि परत तेच. हेच ते हिंदकळणं.

जेट बारीक असेल किंवा इनटेकचं रबर चिरलं असेल, तर गाडी ठरावीक वेगाला पोचताच त्रास देते, दहा किलोमीटर वाट बघत नाही आणि चहा पिऊन बरी होत नाही. कॉइल तापून फसत असेल तर वाट बघते खरी, पण झटका कोरडा असतो, दम सोडणं नसतं. म्हणजे नुसत्या चार प्रश्नांवर माझ्या ४,६०० रुपयांतला बहुतेक खर्च वाचला असता. ‘जरा गेल्यावर’ आणि ‘चहा प्याल्यावर’ हे दोन शब्द एकाही गॅरेजात मला कुणी विचारले नव्हते. आणि मीही सांगितले नव्हते. मी “झटके मारतेय, बघा जरा” म्हणून चावी देऊन निघून यायचो.

आठवडाभर लिहिलं. काकांनी वही बघितली आणि म्हणाले, “टाकीत पेट्रोल किती होतं ते का लिहिलं न्हाईस?”

पंपाच्या पावत्या खिशात होत्या. रात्री बसून तो रकाना भरला. टाकी फुल्ल असताना झटका आठ-दहा किलोमीटरांत. अर्धी असताना वीस-बावीसला. रिझर्व्हला आली असताना एकदाही नाही.

पेट्रोल जितकं कमी, तितकी गाडी बरी! खराब पेट्रोलचा हा गुण कुठल्याच व्हिडिओत नव्हता.

फुस्स

टाकीच्या झाकणाला एक बारीक भोक असतं. पेट्रोल खाली जाईल तशी त्यातून हवा आत येते. ते भोक बुजलं तर वरच्या पोकळीतला दाब उतरत जातो आणि पेट्रोल खाली यायला कचरतं. डब्याला एकच भोक पाडून तेल ओतून बघा, तेच.

आता आकडे बघा. टाकीतलं पेट्रोल कार्ब्युरेटरपेक्षा जेमतेम वीतभर उंच असतं. तेवढ्या उंचीचा जोर म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या दोन टक्क्यांच्या आतबाहेर. आतला दाब तेवढा उतरला की धार थांबलीच. फुल्ल टाकीत वर अर्धा लिटर हवा असेल, तर १० मिलिलिटर पेट्रोल गेलं की दाब दोन टक्के उतरतो. अर्ध्या टाकीत सहा लिटर हवा असेल, तर त्यासाठी १२० मिलिलिटर जावं लागतं. भोक पूर्ण बुजलेलं नसतं, थोडी हवा झिरपत राहते, म्हणून गावात काही होत नाही आणि हायवेवर काही किलोमीटर निभावतं. पण क्रम हाच राहतो: भरलेली टाकी लवकर रुसते, रिकामी उशिरा.

माझा इथेनॉलचा ‘पुरावा’ तो हाच होता.

काकांनी गाडी अंगणात घेतली. इंजिन गार, आसपास ठिणगी नाही, हे बघून घेतलं. कार्ब्युरेटरची नळी काढून बाटलीत सोडली, झाकण बंद ठेवून कॉक उघडला. धार छान आली. थोड्या वेळाने बारीक झाली. मग थेंब. काकांनी मला झाकण उघडायला सांगितलं. फुस्स करून हवा आत गेली आणि धार परत जाड झाली.

झाकण खोलून बघितलं तर भोकात काळं ग्रीस आणि धूळ यांचा गोळा. आणि तेव्हा आठवलं. जुलैच्या पावसात टाकीची किल्ली फिरेना, म्हणून मी कुलपात ग्रीस भरलं होतं. भरपूर. मीच.

झाकण धुतलं, भोक तारेने साफ केलं. पण काका तिथे थांबले नाहीत. भोकावर चिकटपट्टी लावली आणि परत कॉक उघडला. धार मेली. पट्टी काढली, धार आली. “रोग परत आणून दावता आला, तर निदान खरं,” म्हणाले. फाउंड्रीत हे मी रोज बोलतो, थोड्या इंग्रजीत.

त्यानंतर आजपर्यंत झटका नाही. खर्च शून्य.

मग इथेनॉल निर्दोष का?

नाही. आणि इथे दुसऱ्या बाजूच्या लोकांनी टाळ्या वाजवू नयेत.

पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने त्याच्या १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला नऊ पट. २० टक्के मिश्रणाला साधारण साडेतेरा पट. नव्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर असतो, तो फरक ओळखून पेट्रोल वाढवतो. कार्ब्युरेटरच्या जेटला काही कळत नाही. ते भोक २००४ साली ज्या पेट्रोलसाठी पाडलं, तेवढंच राहतं. म्हणजे माझ्या गाडीला आज सात-आठ टक्के ‘लीन’ खुराक मिळतोय. ज्यांच्या गाडीचं जेट मुळातच काठावर आहे, त्यांना हायवेवर याचा त्रास होऊ शकतो. मायलेज घटतं, हे तर नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातच लिहिलेलं आहे. जुन्या रबराचा आणि टाकीत ओढल्या जाणाऱ्या पाण्याचा प्रश्न खरा आहे. पंपावर साधं पेट्रोल भरणाऱ्याला परवडेल असा पर्याय नाही, हेही खरं. माझ्यासारख्या माणसाने कुठलं जेट बसवावं, हे त्याला कुणीतरी अधिकृतपणे सांगायला हवं होतं.

पण म्हणूनच चुकीची तक्रार घातक आहे. समजा मी “इथेनॉलने माझी गाडी खाल्ली” म्हणून अर्ज केला असता, व्हिडिओ टाकला असता. एखाद्या इंजिनिअरने माझं झाकण उघडून ग्रीसचा गोळा दाखवला असता. त्या एका गोळ्याने माझ्यामागच्या शंभर जणांची खरी तक्रारही हास्यास्पद ठरली असती. सरकारला जाब विचारायचाच आहे, तर आपल्या हातातला पुरावा तपासलेला हवा. ज्याला राग खरा आहे, त्यालाच तपासणी जास्त लागते.

निदानाचे पैसे कोण देतं?

आता गॅरेजवाल्यावर येऊ. त्याला शिव्या देणं सोपं आहे, आणि मी ते सुरुवातीला मनातल्या मनात केलंही. पण हिशोब मांडून बघा. त्याने कॉइल बदलली तर तिच्यावर त्याला चार पैसे सुटतात, मजुरी मिळते, आणि मी काही न बोलता देतो, कारण जुनी कॉइल हातात धरून त्याला दाखवता येते. त्याने काकांसारखे वीस मिनिटं प्रश्न विचारले असते, भोकात तार घातली असती आणि “दोनशे रुपये” म्हटलं असतं, तर मी काय म्हणालो असतो? “एवढ्याचे दोनशे?” मी म्हणालो असतो. तुम्हीही.

आणि हे मिरजेत! या गावाची ओळखच निदानावर उभी आहे. १८९०च्या दशकात डॉ. विल्यम वॉनलेस यांनी इथे दवाखाना सुरू केला, तेव्हापासून पंचक्रोशीतले आणि कर्नाटकातले रोगी ‘मिरजेला दाखवून येऊ’ म्हणत येतात. डॉक्टर तपासून “काही नाही, पाणी प्या” म्हणाला, तरी आपण फी देतो आणि सुटकेचा श्वास टाकतो. उलट पाच प्रश्न न विचारता सहा गोळ्या लिहिल्या, तर बाहेर येऊन कुरकुरतो. शरीरासाठी जे कळतं, ते यंत्रापाशी का विसरतं?

सतारमेकर गल्लीत जाऊन बघा. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचे फोटो आपण सगळ्यांनी पुढे पाठवले. तिथला कारागीर जवारी काढतो म्हणजे घोडीचा माथा कानसीने जरासा घासतो, तार छेडतो, ऐकतो, परत जरासा घासतो. काही बदलत नाही. नवीन काही बसवत नाही. गिऱ्हाईक त्याच्या कानाचे पैसे देतं आणि आनंदाने देतं. तोच गिऱ्हाईक बाहेर येऊन गॅरेजवाल्याला म्हणतो, “काय बदललं नाहीस तर पैसे कशाचे?”

अशाने काय होतं? गॅरेजवाला शिकतो की विचारण्याला किंमत नाही, बदलण्याला आहे. त्याच्या हाताखालचा सोळा वर्षांचा पोरगा बघून तेच शिकतो. त्याला ‘बदलून बघू’ हे आपणच शिकवलंय, रोख पैसे मोजून. नव्या गाड्यांना स्कॅनर लागला म्हणून हे आपोआप सुटेल असं समजू नका. स्कॅनर कुठल्या सेन्सरने तक्रार केली ते सांगतो. जुलैत कुलपात ग्रीस कुणी भरलं, ते विचारत नाही.

“आमच्याकडे वेळ नाही, पाठीमागे दहा गाड्या उभ्या असतात,” हे गॅरेजवाल्याचं म्हणणं खोटं नाही. म्हणून अर्धं काम गिऱ्हाइकाने करावं. चावी देताना चार ओळी सांगा: किती वेगाला, किती वेळाने, थांबल्यावर काय होतं, त्याआधी गाडीला काय केलं होतं. फोनमध्ये लिहून न्या. दिवसाला दोन तास रील बघणाऱ्या आपल्याला एवढं जमावं. आणि बिलात ‘तपासणी’ अशी एक ओळ मागून घ्या, तिचे पैसे द्या.

कारण ‘बदलून बघू’ची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. ज्याच्याकडे पैसे आहेत तो कंटाळून नवीन गाडी घेतो. ज्याच्याकडे नाहीत तो एक एक सुटा भाग बदलत, तीच गाडी तशीच घेऊन, रात्रीच्या वेळी ट्रॉली ओव्हरटेक करत राहतो.

परवा त्या गॅरेजवाल्याकडे गेलो. भांडायला नाही. झाकण दाखवलं, सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “दादा, गाडी आली की मी पहिली टाकीच उघडतो. पेट्रोल हाय का बघायला.”

म्हणजे प्रत्येक वेळी त्याने गाडी हातात घेताच, बघायच्या आधीच, रोग बरा केला होता. तीन महिने. दोघांनाही हसू आलं.

मी दोनशे रुपये काढले आणि म्हटलं, पुढच्या वेळी उघडायच्या आधी मला विचार. त्याने नोटा घेतल्या नाहीत. पोरगा शेजारी पाना पुसत उभा होता, त्याच्याकडे बघत त्याने मलाच विचारलं, “पण बिलात हे काय म्हणून लिवायचं?”